मेण पुसलेला गज

वस्तू एकमेकींशी बोलायच्या त्या काळी एका कारखान्यात एक पोलादी गज होता. बिनहवेच्या भट्टीत कोळशासारखे काळे झालेले धागे राळेत भिजवून त्याच्याभोवती गुंडाळत, पुन्हा भाजत आणि मग गज ओढून काढत. मागे उरायची पिसासारखी हलकी नळी. गज सहज निघावा म्हणून यमाजी मिस्त्री त्याला आधी मेण चोळायचा.

एकदा गुंडाळण्याआधी एक धागा रडवेला होऊन गजाला म्हणाला, "आबा, भट्टीत माझं सगळं जळून गेलं. तुम्ही तरी मला सोडून जाऊ नका."

इतक्या नळ्या घडवूनही गज एकटाच राहिला होता. त्याला गलबलून आलं. मिस्त्रीची पाठ वळताच त्यानं टेकूवर अंग घासून मेण पुसून टाकलं.

त्या धाग्याची नळी भाजून झाली, पण गज काही केल्या निघेना. यमाजीनं सगळी ताकद लावून पाहिली, शेवटी करवत घेतली. "एका पोरीला ह्या नळीचा नकली पाय बसवायचा होता," एवढंच तो म्हणाला.

"तुम्ही थांबलात, आबा," नळी म्हणाली आणि उभी चिरली गेली.

दुसऱ्या दिवशी नवा धागा गजाला बिलगला. "आबा, थांबाल ना?"

"नाही," गज म्हणाला. "पण तोवर घट्ट धर."