डोहातल्या पिल्लांचा बाप

ऐका हं. पाय पांघरुणात घ्या आधी. चिंगे, तूसुद्धा.

एक नदी होती. नदीला मोठा डोह होता आणि डोहाच्या खालच्या अंगाला भोयांचं गाव. त्या गावात राहायचा सुभाना. दिवसभर तो होडीतून माणसं पैलतीरी सोडायचा आणि सकाळी सकाळी मासे धरायचा. मासे धरावेत तर सुभानानं, बरं का!

तुमचे बाबा परवा भर दुपारी गळ घेऊन तळ्यावर गेले आणि हात हलवत परत आले. हसू नका. सुभाना असता तर म्हणाला असता, बाबा रे, ऊन चढायच्या आत जा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नको. वाहत्या धारेतला मासा वेगळा, कपारीतला वेगळा. लहान मासा गांडुळाला येतो, मरळ बेडकाला येते. आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेव. तुमच्या बाबांना तेवढंच जमत नाही.

तर एकदा काय झालं, सुभानाकडे त्याचा मेहुणा आला. सुभानानं फुशारकी मारली, "तुला आज आशी मरळ खायला घालतो, का नाव काढशील!" मग घेतलं जाळं आणि गेला डोहावर. बघतो तर पाण्यावर मरळीची पिल्लं. तांबडी, बारीक, अगदी कुंकू सांडल्यासारखी. पिल्लं वर खेळतात आणि आई-बाप खाली राखण करतात. मरळीचं असंच असतं. ती जागा सोडून हलत नाही, म्हणून धरायला अगदी सोपी. आणि म्हणूनच पिल्लांवरची मरळ कुणी भोई धरत नाही.

सुभानाला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण मेहुण्यापुढं बोलून बसला होता ना! टाकलं जाळं. आई आणि बाप, दोन्ही मरळी होडीत.

तेवढ्यात पाणी हललं आणि डोहातली आसरा, म्हणजे पाण्याची देवी, वर आली. हिरवं लुगडं, ओले केस. ती म्हणाली, "आई-बाप काढून नेलेस, आता लेकरं कुणी राखायची? तूच राख." झालं! सुभाना धपकन पाण्यात, आणि त्याचा झाला एक मोठा काळा मासा.

होडी एकटीच वाहत घाटाला लागली. सुभानाची बायको हौसा धावत आली. होडीत ओलं जाळं आणि दोन मेलेल्या मरळी. हौसा भोयाचीच लेक. मरळी बघितल्या आणि तिला सगळं उमगलं. ती रडत बसली नाही, बरं का. खण घेतला, हिरव्या बांगड्या घेतल्या, हळद-कुंकू घेतलं आणि थेट डोहावर गेली.

"बाई," ती आसरेला म्हणाली, "चूक झाली त्येंची. पर माजा धनी मला द्या."

आसरेनं ओटी घेतली आणि म्हणाली, "पिल्लं पांगेपर्यंत तो त्यांचा बाप. पिल्लं पांगली, की आपण कोण होतो ते त्याला कधीच आठवायचं नाही. त्याआधी तो आपणहून माणसासारखा बोलला, तर तुझा."

"बोलंल की," हौसा म्हणाली. "त्येंचं तोंड कुटं बंद आसतंय?"

मग पहिल्या खेपेला हौसा जाळं घेऊन गेली. हात इतका सफाईदार, की पहिल्याच फेकीत काळा मासा जाळ्यात. तिनं त्याला ओल्या वाळूत ठेवलं. म्हणाली, "आवं, मी हौसा. बोला की!" मासा नुसतं तोंड उघडायचा आणि मिटायचा. आणि तिकडं बगळे उतरले ना पिल्लांवर! हौसानं बघितलं, आणि तिच्याच्यानं राहवलं नाही. मासा उचलून तिनं पाण्यात सोडला. तो बाणासारखा पिल्लांकडं गेला, एकदाही मागं वळून बघितलं नाही. हौसाला त्याचा राग आला. आणि खरं सांगू, कौतुकही वाटलं.

मग दुसऱ्यांदा ती काठी आणि दोरी घेऊन गेली. गळ नाही लावला, नवऱ्याला कुणी गळ लावतं का! दोरीला बांधली भाकरी आणि त्यावर लसणीचा ठेचा. सुभाना ठेच्यासाठी झोपेतून उठायचा. पण भाकरी खाल्ली शिंगट्या माशानं, आणि ठेचा खाल्ला कासवानं. कासव असं काही पळालं म्हणता, की दोरीही घेऊन गेलं. काळ्या माशानं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. पिल्लांवरची मरळ भाकरी काय, बेडूकसुद्धा खात नाही.

तोवर पिल्लं मोठी होत चालली होती. तांबडा रंग जाऊन काळपट झाली. थवा सैल पडायला लागला, दोन-चार इकडं, दोन-चार तिकडं. आता एखादा दिवस उरला असेल नसेल.

घरी सासू म्हणाली, "सूनबाई, मला माज्या लेकाला एकदा बघू दे."

तिन्ही पोरं म्हणाली, "आमालाबी बा बगायचाय!"

सगळं घर एका होडीत कधीच बसलं नव्हतं. पोरं मागं लागायची, पण सुभाना म्हणायचा, होडी धंद्याची आहे, मिरवायची नाही. मग तिसऱ्या खेपेला हौसानं जाळं घरी ठेवलं, काठी घरी ठेवली. सासूला बसवलं, पोरांना बसवलं, आणि वल्हवत होडी डोहाच्या मधल्या खडकापाशी आणली.

"त्यो बगा तुमचा बा."

झालं, तिन्ही पोरं एकाच बाजूला धावली. सासू तर उभीच राहिली! होडी कलंडायला लागली. पाणी काठाशी आलं. हौसानं वल्ह्यानं दाब देऊन होडी सावरलीच असती. पण तिची नजर खाली गेली, आणि तिला दिसलं, की काळा मासा आज पहिल्यांदा पिल्लांवरून वळला होता. अंग ताठ करून तो होडीकडं बघत होता.

आता सांगा, रोज उठून माणसं पलीकडं नेणारा नावाडी. होडीत कुणी चुकीचं बसलं की त्याच्या जिवाची तगमग व्हायची. पाटील असो नाहीतर पुजारी, तो ओरडायचाच. हौसाला ते माहीत होतं. मग तिनं काय केलं? वल्हं आडवं मांडीवर ठेवलं आणि हात सोडून स्वस्थ बसली. होडी आणखी कलली. पाणी आत आलं. पोरं किंचाळली.

आणि खालून आवाज आला, "ए आये! खाली बस! हुबी काय ऱ्हातीस? आन तुमी दोगं डावीकडं सरका! हौसे, वल्हं धर की, झोपलीस काय?"

पाण्यात छातीभर सुभाना उभा होता, होडीचा काठ दोन्ही हातांनी धरून! सासू रडायला लागली. पोरं त्याच्या गळ्यात पडली. हौसा मात्र हसत हसत म्हणाली, "बोलला न्हवं? मग चला घरी."

सुभाना हलेना. खाली बघत राहिला. पिल्लं त्याच्या गुडघ्यांभोवती फिरत होती. वर बगळे घिरट्या घालत होते.

"आत्ता कसा येऊ गं?" तो म्हणाला. "आजून बारीक हायती."

हौसानं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं होडी तिथंच खडकाला बांधली. सासूनं खडकावरच तीन दगडांची चूल मांडली. पोरांनी टाळ्या वाजवून बगळे हाकलले. सगळं घर डोहावर राहिलं, शेवटचं पिल्लू खोल पाण्यात जाईपर्यंत. आसरा एकदा वर आली, बघून गेली.

मग ते घरी आले. पुढं त्यांना खूप मासे मिळाले, पोटभर भाकरी मिळाली, आणि सगळे सुखात राहिले.

ती पिल्लं? ती आता नदीभर झालीत. चला, दिवा मालवते. मिटा डोळे.