गुंडेरावाची सोयरीक

फार पूर्वी, रानातसुद्धा घराणं बघून सोयरीक जुळायची तेव्हाची ही गोष्ट. गुंडेराव अजगराला बघायला मुलीकडचे यायचे होते. सापसुरळी, जिला सगळं रान सापाची मावशी म्हणतं, ती सकाळपासून चार इवल्या पायांवर तुरुतुरु धावत बीळ झाडत होती.

"मावशी, पाहुणे असेपर्यंत तू दगडाआड बस," गुंडेराव म्हणाला. "तुझे पाय दिसले तर आमची पाली-सरड्यांत गणती होईल."

मावशीला ते लागलं, पण भाच्याचं लग्न मोडायला नको म्हणून ती दगडाआड गेली.

मुलीचे वडील जाडजूड अजगर होते. वेटोळं घालून बसत ते म्हणाले, "आमच्या घराण्यात कुणालाही पाय नाहीत. तुमच्याकडे?"

"छे, पाय आम्ही बघितलेसुद्धा नाहीत," असं म्हणून गुंडेराव आपली लांबी दाखवायला ऐटीत फांदीवर चढला. चढताना शेपटीच्या मुळाशी, पोटाखाली दडलेल्या दोन बारीक नख्या उघड्या पडल्या. कधीकाळच्या मागच्या पायांचं तेवढंच उरलं होतं.

सापांना पापण्या नसतात, त्यामुळे पाहुण्यांना डोळे मिटून घेण्याचीही सोय नव्हती. उलट तेच घाईघाईनं स्वतःच्याच शेपटीवर आणखी एक वेटोळं ओढून घेऊ लागले.

ते बघून मावशी दगडाआडून बाहेर आली.

"राहू द्या पाहुणे, कशाला झाकता," ती म्हणाली. "दोन्ही घरं अगदी तोलामोलाची आहेत." आणि मुलाकडची वडीलधारी म्हणून चारही पाय पसरून मधोमध बसली.