जाखमातेची गोधडी

त्या दोघी गोधडीला शिवल्यासारख्या पायऱ्या चढताहेत म्हणून हसलात ना? अहो, खरंच शिवल्यात. दोघींचे पदर गोधडीत टाचलेत. हसा, देवी रागवत नाही. पण आधी ऐका.

फार मागची गोष्ट. जाखमातेची थंडीतली गोधडी गावातल्या आठ बायका शिवायच्या, आनसाबाई पाटलीण त्यांची म्होरकी. एका साली बाकीच्या साती जणी तापानं पडल्या. गोधडी पांघरायची पौर्णिमा दोन दिवसांवर. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या झुंबरबाईसारखा टाका पंचक्रोशीत नव्हता, असं सांगतात. पण तिला देवळाची पहिली पायरीसुद्धा बंद. मग पाटलीणबाईंनी ठरवलं, गोधडीवर गोमूत्र शिंपडलं की चालतंय. अडलं की शास्त्र कसं मऊ होतं बघा.

झुंबरबाईनं एकच मागितलं म्हणे, "गोधडी देवीच्या अंगावर पडलेली मला बघू द्या. जन्म गेला इथं, देवीचं तोंड पाहिलं नाही."

"बघू," पाटलीण म्हणाली. म्हणायला काय जातंय.

गोधडी अंगणात पसरली. एका कडेला ही, दुसऱ्या कडेला ती. आता गोधडी शिवतात कडेकडून मधे. फेरा संपला की बाई पुढं सरकते. पहिल्या दिवशी दोघी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सासवांचा विषय निघाला, मग त्यांना थांबवतंय कोण! शेवटचा टाका पडला तेव्हा गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि दोघींचे पदर गोधडीत.

देवीला पांघरल्याशिवाय गोधडीचा टाका तोडायचा नाही, हा नेम. निघाल्या तशाच. पुजाऱ्यानं झुंबरबाईला खाली अडवलं. ती खाली थांबली तर गोधडी ताणून पाटलीणबाईंच्या डोक्यावरचा पदर साऱ्या गावासमोर जाणार. पाटील घामाघूम. तेवढ्यात कुणी म्हणालं, "हे हिनंच मुद्दाम केलंय, हाकला हिला गावातून." झुंबरबाईचं घर, लेकरं, सगळं इथंच.

पाटलीण म्हणाली, "दोन्ही टाके माझ्या हातचे आहेत. इतके वाकडे टाके ती घालेल होय?"

लोकांनी वाकून बघितलं. वाकडेच होते. झुंबरबाईचा हात धरून पाटलीण पायऱ्या चढली.

गोधडी पांघरली. देवीपुढं लोखंड चालत नाही, म्हणून कातर नव्हती. तेव्हा जिच्या सावलीचा विटाळ मानायच्या, तिच्या पदराचा टाका पाटलीणबाईंनी दातानं तोडला. झुंबरबाईनं त्यांचा तोडला. मग ती देवीकडं बघत बसली, उठेचना म्हणतात.

आजही आमच्या गोधडी मंडळातल्या दोघी, एक वेशीआतली, एक वेशीबाहेरची, अशाच वर जातात आणि एकमेकींचा टाका दातानं तोडतात. बावीस वर्षं माझी जोडी राहीबरोबर होती. गेल्या साली दात नाहीत म्हणून कवळी लावून गेले, तर टाका तसाच राहिला आणि कवळी राहीच्या पदराला लटकली. ती देवीपुढं हसून हसून खाली बसली. यंदा मान सुनेला दिलाय. पण राहीचा हात धरून पायऱ्या चढायला मिळाल्या नाहीत, याचं फार वाईट वाटतंय बघा.