कोरी पाठ

चूक केरबा वस्तादांची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट संपल्यावर कुणी त्यांच्या पाया पडायला जायला नको.

"पडायला किती महिने शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"आन् उठायला?"

"ते शिकवत नाहीत. दिवे गेले की उठायचं."



मी तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला उभा होतो. आधी कॉलेज सोडलं, मग ही तालीम सोडली, आणि शहरातल्या त्या कुस्तीच्या शोमध्ये गेलो. चौफेर दोऱ्या, मध्ये गादी, पैसे भरले तरच मोबाईलवर दिसणार. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. मला नाव दिलं होतं 'मिट्टी का शेर'. अंगावर उधळायला विटकरी पावडर दिली. खरी माती कॅमेऱ्यात काळी दिसते म्हणे.

अकराव्या मिनिटाला मुखवटेवाल्या तूफाननं मला उचलून आपटलं. पंचानं तीन मोजले. ठरलं होतं तसंच.

इथल्या पोरांनी वर्गणी काढून ते बघितलं. वस्तादांना सगळ्यात पुढं बसवलं होतं. पंचानं तीन म्हणायच्या आत म्हाताऱ्यानं चष्मा काढला, एवढं माझ्या कानावर आलं.

आता मला परत यायचं होतं. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला बावीस दिवस उरले होते. आमच्या तालमीत सोडून गेलेल्याला असंच आत घेत नाहीत. वस्तादांनी हौद्यातली मूठभर माती स्वतः त्याच्या हातात द्यायची. तेवढीच परवानगी.

तेवढ्यासाठी आलो होतो.

"तुझी पाठ टेकली, सुभान. समद्या गावानं बघितलं."

"ती काय कुस्ती होती, वस्ताद? गादीवर पडलो. पाठीला माती कुठं लागली?"

पाठीला माती लागली की पैलवान हरला, एवढाच इथला कायदा. आणि केरबा वस्तादांच्या पाठीला सत्तावन्न वर्षांत कुणी माती लावली नाही. मी हे तीनशे वेळा ऐकलंय. बारशाला गेले तरी पाळण्याशेजारी बसून सांगतात.

"ठरवून लढलास," ते म्हणाले.

मग मात्र मी थांबलो नाही.

"मला ठरवून लढायला कुणी शिकवलं? वडाचीवाडीची जत्रा आठवते? मी एकोणीस वर्षांचा. सातव्या मिनिटाला पोरगा माझ्या पटात आला होता, दोन्ही पाय माझ्या कवेत, नुसता उलटायचा बाकी. तुम्ही बाहेरून खोकलात. दोनदा."

दोनदा खोकला म्हणजे सोड. त्या पोराचा वस्ताद म्हणजे आमच्या वस्तादांचा गुरुबंधू. त्याची अब्रू राखायची होती. मी सोडला. मग चाळीस मिनिटं एकमेकांच्या माना ओढत बसलो, आणि कुस्ती बरोबरीत सुटली.

"वर मला फेटा बांधला," मी म्हणालो. "तुमच्या हातानं."

जोर मारणारी पोरं थांबली. 

वस्ताद म्हणाले, "लंगोट लाव. मातीत ये."

माती हातात दिली नव्हती, नुसतं बोलावलं होतं. तरी मी लंगोट लावला, उतरलो. चौऱ्याहत्तरीचे वस्ताद धोतराचा काचा मारून समोर आले. सलामी नाही, काही नाही. माझ्या छातीवर पंजा टेकवला आणि ढकललं.

त्या धक्क्यानं वासरूसुद्धा हललं नसतं.

मी पडलो.

मी ठरवलं नव्हतं. अंगानं आपलं आपण केलं. हनुवटी आत, हात पसरलेले, दोन्ही पंजे फाट्‌दिशी मातीवर, आणि पाठ सपाट. पाच महिने घोटून घेतलं होतं तसंच. झकास पडलो होतो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सगळ्यात वाईट सांगू? मी उठलोही नाही. कुणीतरी तीन मोजेल म्हणून पडून राहिलो.

"वस्ताद… परत ढकला," मी पडल्या पडल्या म्हणालो. "ह्या वेळी उभा राहीन."

त्यांनी ढकललं नाही. गुडघा धरत धरत खाली वाकले, मूठभर माती उचलली आणि माझ्या उताण्या पंजात ठेवली. ज्यासाठी आलो होतो ती.

मग अंगातली पैरण काढली. माझ्याकडं पाठ करून तिथंच मातीत बसले.

"माझ्या पाठीला लाव," ते म्हणाले. "सत्तावन्न वर्सं कोरी हुती."