गेनूनं डेटा सेंटर सांभाळलं

बोरमाळ गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहायचा. इतका भोळा, की कुणी ‘जरा थांब’ म्हटलं तर ‘चल’ म्हणेपर्यंत तिथंच थांबायचा. एकदा एक जण त्याला असं सांगून बाजाराला गेला आणि तिथून परस्पर सासुरवाडीला. गेनू उभाच.

घरात तो आणि त्याची आई सारजाबाई. गावाबाहेर त्यांचा एक खडकाळ माळ होता. तिथं कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती. एके दिवशी शहरातली मोठी कंपनी आली आणि नेमका तोच माळ मागायला लागली. सारजाबाईनं अट घातली, “माझ्या गेनूला नोकरी द्या. आणि कधी काढायचं नाही.” कंपनी हो म्हणाली. कंपनीनं गेनूला पाहिलं नव्हतं.

माळावर किल्ल्याएवढी इमारत उभी राहिली. आत कपाटांच्या रांगाच रांगा, आणि कपाटांत यंत्रं. फणसळकर साहेब तिथले मुख्य. पहिल्याच दिवशी गेनूनं त्यांना विचारलं, “साहेब, एवढं मोठं घर आमच्या माळावर कशाला बांधलं?”

“याला डेटा सेंटर म्हणतात. लोक मोबाइलवर फोटो पाठवतात, सिनेमे बघतात, ते सगळं या यंत्रांत असतं. शहरात एवढी मोकळी जागा कुठली? इथं माळ आहे, शेजारून विजेची मोठी लाइन जाते, आणि धरणाचं पाणी जवळ.”

“पाणी कशाला? यंत्रं पितात?”

“तापतात रे. तापलं की पाण्यानं गार करायचं. साधी गोष्ट.”

“बरं,” गेनू म्हणाला. ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा ड्रायव्हर उशिरा आला. आतून आरडाओरडा ऐकू आला. ड्रायव्हर पळत बाहेर आला आणि म्हणाला, “गेनू, आत जाऊ नकोस. साहेब लई तापलेत!”

गेनूनं बादली भरली आणि साहेबांच्या डोक्यावर ओतली. साहेब आणखी तापले. गेनू दुसरी बादली आणायला धावला.

घरी आईनं कपाळावर हात मारला. “अरे लेकरा, असं तापलेलं दिसलं की हात जोडायचे, मान खाली घालायची आणि गप उभं राहायचं. आपोआप थंड होतं.”

“बरं,” गेनू म्हणाला. ध्यानात ठेवलं.

चार दिवसांनी कुंपणाजवळचं वाळलं गवत पेटलं. गेनू जाळासमोर गेला, हात जोडले, मान खाली घातली आणि गप उभा राहिला. अर्धं कुंपण जळालं. गेनूची एक मिशी जळाली. तो हलला नाही. बाकीच्यांनी येऊन आग विझवली.

साहेब ओरडले, “अरे शहाण्या, आग म्हटलं की बोंब ठोकायची! घंटा वाजवायची! सगळ्यांना बाहेर काढायचं!”

“बरं.”

एका दुपारी साहेबांची मीटिंग लांबली. पोटावर हात ठेवत ते बाहेर आले. “गेनू, पोटात नुसती आग पडलीय रे.”

गेनूनं बोंब ठोकली. घंटा बडवली. माणसं धावत उन्हात आली. कुणाच्या एकाच पायात बूट, कुणाच्या हातात अर्धा वडा.

“आग कुठाय?”

गेनूनं साहेबांच्या पोटाकडं बोट दाखवलं.

“भूक लागली होती मला, भूक!” साहेब रडकुंडीला आले. “कुणी भुकेलं असलं की गुपचूप डबा उघडावा आणि खायला घालावं!”

“बरं.”

मग शहरातून पाहुणे आले. साहेब त्यांना कपाटं दाखवत सांगत होते, “आमची यंत्रं फार भुकेली. कितीही वीज द्या, पुरत नाही. म्हणून तर लाइनीच्या शेजारी आलो.”

गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारी! त्यानं गुपचूप डबा उघडला आणि एका यंत्राच्या फटीत पिठलं भरलं. यंत्र म्हणालं, ‘फुस्स!’

“साहेब,” गेनू आनंदानं म्हणाला, “ढेकर दिला.”

त्या संध्याकाळी साहेब स्वतः सारजाबाईकडं गेले. “बाई, ती अट मोडू द्या.”

“नाही हो साहेब. माळ गेला. आता पोराला ही नोकरी तेवढी उरलीय. सोपंसं काम द्या की.”

साहेबांनी गेनूला समोर बसवलं. मग म्हणाले, “गेनू, यंत्राला हात लावायचा नाही. एकच काम. ज्या खोलीत माणूस नाही, तिथले दिवे-पंखे बंद करायचे. आत माणूस असेल तर चालू, नसेल तर बंद. समजलं?”

“बरं,” गेनू म्हणाला. ध्यानात ठेवलं.

आणि खरंच, त्यानं कॅन्टीनचे दिवे बंद केले. गोदामाचे पंखे बंद केले. साहेबांनी पाठ थोपटली. “शहाणा झालास रे!” असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. गेनूला हुरूप आला. तो आणखी रिकाम्या खोल्या शोधत निघाला.

मोठ्या हॉलच्या काचेतून त्यानं डोकावलं. आत चिटपाखरू नाही, आणि हजारो हिरवे-निळे दिवे लुकलुकतायत! पंखे भणाणतायत! “केवढी ही नासाडी!” गेनू हळहळला.

यंत्राला हात लावायचा नव्हता. त्यानं लावला नाही. दाराबाहेर भिंतीवर एक भला मोठा लाल दांडा होता. तो त्यानं खाली ओढला.

सगळं गप झालं. माळावरची टिटवी ऐकू यायला लागली.

तिकडं शहरात वरातीतलं गाणं मध्येच थांबलं आणि नवरदेवाचे काका एक पाय हवेत धरून उभे राहिले. टॅक्सीवाल्यांना रस्ते सापडेनात. फणसळकर साहेब धापा टाकत आले.

“चालू कर! चालू कर!”

गेनूनं दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. “आत माणूस नाही, साहेब.”

“अरे, मी आहे ना!”

“आहात. पण बाहेर आहात.”

साहेब धावत आत गेले आणि फरशीवर फतकल मारून बसले. गेनूनं काचेतून नीट बघून घेतलं. माणूस होता. त्यानं दांडा वर केला. दिवे लुकलुकले, पंखे फिरले, शहरात काकांचा पाय खाली आला.

साहेबांनी घाम पुसला, हुश्श केलं आणि गेनूला नीट समजावून सांगावं म्हणून बाहेर आले.

गेनूनं खोलीत डोकावून पाहिलं आणि दांडा खाली ओढला.