गिरजाबाईच्या ओल्या पावलाचा ठसा

काटेसावरीच्या जंगलात एक सिंह राज्य करत असे. दर निवडणुकीत तो बिनविरोध निवडून येई, कारण विरोधात अर्ज भरायला निघालेलं जनावर वाटेतच संपे. लोकशाही अगदी सुरळीत चालली होती.

या जंगलात वीज आली तेव्हा एक शहाणा नियम झाला होता. विजेची कुठलीही वस्तू विकायची तर तिच्या लेबलावर गिरजाबाई पाणमांजरीच्या पावलाचा ठसा हवा. गिरजाबाई नदीत डुबकी मारून यायची, निथळतं पाऊल त्या वस्तूवर टेकवायची आणि शंभर आकडे मोजायची. जिवंत राहिली तर तेच पाऊल शाईत बुडवून ठसा उठवायची. दोनदा तिच्या मिशा जळल्या, पण ठसा कधी खोटा उठला नाही. तो दिसला की खारीसुद्धा बिनधास्त बटण दाबत.

मग निवडणूक जवळ आली आणि सरकारला अंड्यांची काळजी वाटू लागली. 'अंडं तुमचं, ऊब सरकारची!' अशी घोषणा झाली. प्रत्येक पक्षिणीला अंडी उबवायची विजेची पेटी फुकट मिळणार होती. पेट्या बनवायचं काम राजाचे साडू तरसराव यांना मिळालं. अहो, निविदा काढली होती, अगदी रीतसर! फक्त ती तरसरावांच्या गुहेत आतल्या भिंतीला लावली होती.

पहिली पेटी गिरजाबाईकडे आली. तिनं पाऊल टेकवलं मात्र, थेट बाभळीत जाऊन पडली. काटे काढत तिनं पेटी उघडून पाहिली. प्लगला पिना तीन होत्या, पण तिसरीला आत तारच नव्हती.

"अर्थिंग कुठंय हो?" तिनं विचारलं.

"तिसरी पिन दिसतेय ना?" तरसराव म्हणाले. "मग झालं तर. लोक आत कुठं बघायला जातायत?"

"ठसा मिळणार नाही. अंडं ठेवायला येईल ती आई जागेवर भाजेल."

गिरजाबाईच्या शेजारी, नदीकाठच्या गोट्यांत, शेवंता टिटवी चार अंडी घालून बसली होती. ती काकुळतीला आली होती. "मावशी, उन्हानं जीव चाललाय गं. पेटी घेऊ का नको?"

"माझा ठसा असेल तरच हात लाव. नसेल तर फिरकूसुद्धा नकोस," गिरजाबाईनं बजावलं.

सरकारनं तीन कासवांची समिती नेमली. दुसऱ्याच दिवशी अहवाल आला, म्हणजे तो आधीच लिहिलेला असणार. दोष पेटीत नसून ओलाव्यात आहे, असं समितीला आढळलं. तेव्हा गिरजाबाईची बदली माळावर झाली, जिथं पाणीही नव्हतं आणि वीजही. निरोप समारंभ झकास झाला. शाल दिली, नारळ दिला. "आठवण म्हणून तुमच्या पावलाचा ठसा द्या ना बाई," असं माकड कारकुनानं डोळे पुसत म्हटलं. भोळी बाई ती, तिनं दिला!

आठ दिवसांनी माळावरून पेट्यांची गाडी चालली होती. प्रत्येक पेटीवर गिरजाबाईचं पाऊल, रंगीत, चकचकीत, दुप्पट आकाराचं. तिनं ते पाहिलं मात्र, ती धावत सुटली.

नदीकाठी शेवंता प्लग लावलेल्या पेटीपुढं आनंदानं उभी होती. "मावशी, तुझा ठसा आला गं!" असं म्हणून तिनं चोच पुढं केली. गिरजाबाईनं तिला धडक देऊन बाजूला उडवलं आणि झटका स्वतः खाल्ला. अर्धं अंग काळं पडलं. शुद्धीवर आल्यावर तिनं गाडीतल्या सगळ्या पेट्यांवरचे ठसे नखांनी ओरबाडून काढले. रडत होती आणि काढत होती.

तिच्यावर सरकारी लेबल फाडल्याचा खटला भरला. समितीनं लेबलाची कसून तपासणी केली. लेबलात वीज सापडली नाही, सबब लेबल सुरक्षित ठरलं. राजानं सभेत सांगितलं, "बंधूंनो, भगिनींनो! काही जणांना आपली अंडी उबलेली बघवत नाहीत!" टाळ्या पडल्या. साळिंदरांनी तर काटे वाजवले.

गिरजाबाई सध्या पिंजऱ्यात आहे. शेवंताची चारही पिल्लं तिच्या पोटाखालीच, त्याच उन्हात बाहेर आली. पेटीशेजारी उभं करून त्यांचा फोटो काढला गेला आणि चौघंही योजनेची लाभार्थी झाली.

पावलाचा ठसा वादात सापडल्यामुळे आता पेट्यांवर त्याच्या जागी राजाचा फोटो छापतात. राजाच्या फोटोला हात लावणं गुन्हा आहे. म्हणून पेटीच्या जवळ कोणी जात नाही, लांबूनच नमस्कार करतात. शॉक बसल्याची एकही तक्रार आता येत नाही, आणि यंदाच्या जाहीरनाम्यात हीच कामगिरी पहिल्या नंबरावर आहे.