खुंटीवरची किल्ली

त्या राज्यात पाणी भरपूर होतं, पण पाळीशिवाय ते कोणाला मिळत नसे. बारवेच्या पायरीवर पाऊल टाकायचं ते टिटवीने नाव पुकारल्यावरच, आणि टिटवीने पुकारायचं ते मोठ्यांना आधी. बैलांना बाहेरचं पाणी चाले. हत्तीसाठी मात्र तळाशी गोड्या पाण्याची बंद कोठी होती. तिची किल्ली एकच, ती वर खुंटीवर टांगलेली असे.

वर्षातून एकदा दरबार बारवेची परीक्षा घेई. सगळे प्राणी एकदम पाण्यावर सोडायचे आणि मावळतीच्या आत हत्तीचं पाणी झालं की परीक्षा पार. गेली दोन वर्षं हत्ती तहानलेलाच परतला होता. तपासनीस यायचे, पण तोवर गर्दी पांगलेली आणि किल्ली मुकाट खुंटीवर. सगळं ठाकठीक! मग दोष कोणाचा? अर्थात टिटवीचा. यंदा पुन्हा खोळंबा झाला तर तिला हद्दपारी होती, आणि काठावरच्या तिच्या चार अंड्यांतून पिल्लं अजून निघायची होती.

यंदाही तेच झालं. बैल उतरत होते, चढत होते, पुन्हा रांगेत येत होते, आणि हत्ती जागचा हलेना. दुपार कलली तशी टिटवी हत्तीजवळ गेली.

"गजराज, तुम्हाला दोनदा पुकारलं. अडलंय कशाचं?"

"किल्लीचं."

"कोणाकडे आहे ती?"

"ते आम्ही बघायचं?" हत्तीने तोंड फिरवलं.

टिटवी उडत थेट तळाशी गेली. कोठीच्या दारात चिचुंद्री बसली होती, किल्ली पोटाशी धरून. सकाळीच ती खुंटीवरची किल्ली घेऊन कोठी झाडायला उतरली होती. झाडणाऱ्याने पाळीआधी पाण्याला तोंड लावायचं नाही असा रिवाज, त्यामुळे तिची जीभ कोरडी पडली होती.

"टिटवीबाई, वर यायला माझं नाव कधी पुकारणार?"

"अगं, मग ओरडायचंस ना!"

"तीन वर्षं ओरडतेय. वर ऐकू येत नाही."

टिटवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने वर जाऊन हत्तीच्या झुलीची एक घंटी मागितली. हत्ती आधी भडकला, पण तहानेपुढे नमला. टिटवीने ती घंटी चिचुंद्रीच्या गळ्यात अडकवली आणि पुकारलं, "गजराज!"

हत्तीची घंटी ऐकून बैल माना खाली घालून बाजूला झाले. घंटी पायरी पायरीने वर आली. किल्ली खुंटीला लागताच हत्तीने आधी घंटी काढून घेतली, मग किल्ली.

मावळतीच्या आत हत्तीचं पाणी झालं. गजराजांनी स्वतः किल्ली आणली, अशी दरबाराने दवंडी पिटवली. टिटवीची हद्दपारी टळली.

चिचुंद्री रांगेच्या टोकाशी येऊन उभी राहिली. आता ती पाण्यासाठी आली होती.

"बाई, आता तरी माझी पाळी?"

टिटवीने तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागून येणाऱ्याकडे पाहिलं, मग काठावरच्या अंड्यांकडे.

"बैल," तिने पुकारलं.